घोडा सरकारचा

ट्रॉय, मिशिगन
१८ मे

शंतनू,

सप्रेम नमस्कार. विनंती काही नाही, विशेष मात्र आहे.

तू मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंस. फोन उचलत नाहीस, आणि ईमेल बहुधा उघडतही नसशील. पण नोव्हायच्या पलीकडे तुझ्या फार्मच्या फाटकाशी लाल झेंडीची टपालपेटी आहे. तिचा खांब मीच पुरला होता, तू बाजूला उभा राहून लेव्हल बघत होतास. त्या पेटीला ब्लॉक करता येत नाही. तुझी हिमानी रोज संध्याकाळी ती उघडते, हेही मला माहीत आहे.

विशेष असं, की आपल्या मध्ययुगीन क्लबच्या येत्या सप्टेंबरच्या लढाईत मी उतरतोय. घोड्यावरून नाही, कारण घोडी तू ठेवून घेतलीस. मी क्रॉसबोवाल्यांच्या रांगेत गेलोय. डार्लीनने मला हसतहसत घेतलं. बाईने जन्मभर शाळेची बस चालवली, त्यामुळे मागे वळून न बघता कोण काय उद्योग करतंय ते तिला कळतं. कप्तान म्हणून याहून चांगली कोण मिळणार? ती मला 'मोरी' म्हणते. मोरी म्हणजे आपल्याकडे कुठली जागा, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

एक अट मात्र मी तिच्याकडून कबूल करून घेतली. आम्ही जिंकलो, तर तुझ्या तळावरून काय उचलायचं ते मी ठरवणार. क्लबचा रिवाज तुला मी काय सांगू? जिंकणाऱ्याने हरणाऱ्याच्या तळावरची एक वस्तू न्यायची. पूर्वी लोक झेंडा न्यायचे, फार तर एखादा तंबू. गेल्या वर्षी तू त्यांना हरवलंस आणि त्या भरात सभेत उठून म्हणालास, की खऱ्या मध्ययुगात अशी लुटुपुटूची लूट नसायची, घोड्यासकट काहीही नेता आलं पाहिजे. सगळ्यांनी टाळ्या वाजवून ते नियमात घातलं. 'घोड्यासकट' हा शब्द तुझा. मी मागे कॉफी घेत उभा होतो. माझे कान तुला माहीत आहेत.

तेव्हा मी काय मागणार हे तुला उघड सांगून ठेवतो. चिक्की.

तू विसरलास असं दाखवतोस, म्हणून पुन्हा एकदा लिहितो. ती शिंगरू होती तेव्हा आपण दोघांनी मिळून तिला लिलावातून आणली. माझी नोकरी गेलेली, व्हिसाचे साठ दिवस चाललेले, दुसरी नोकरी मिळाली नाही तर बॅगा भरायच्या. म्हणून कागद तुझ्या नावावर केले. तू म्हणालास, "अरे, कागदाचं काय यार, घोडी आपली." पुढे मी स्वतःचं दुकान काढलं, ग्रीन कार्ड आलं, तेव्हा म्हटलं आता माझं नाव घाल. "हो रे, करू." मग आईच्या आजारपणात मी हिवाळाभर सांगलीला राहिलो. परत आलो तर माझं खोगीर तुझ्या गराजमध्ये, गवत कापायच्या मशीनवर टाकलेलं.

त्या उन्हाळ्यात तुझ्या फार्मवर पॉटलक होतं. सगळ्यांसमोर मी तुला सरळ विचारलं. तू हसलास, माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "मोरेश्वर, तू बारगीर आहेस. घोडा सरकारचा, स्वारी तुझी. वाईट वाटून घेऊ नकोस, बारगीरसुद्धा शूर असायचे."

मग अमेरिकन मंडळींना इंग्रजीत समजावलंस: स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार, आणि ज्याच्याकडे घोडाच नाही, मालकाच्या पागेतल्या घोड्यावर बसतो, तो बारगीर. कुणीतरी विचारलं, 'बार गिअर' म्हणजे दारूच्या गुत्त्यातलं सामान का? काय हसले सगळे. हिमानी तेवढी हसली नाही. रत्ना पुऱ्या तळत होती, तिने गॅस बंद केला आणि आम्ही घरी आलो.

तेव्हापासून मी शांत आहे. माझ्या शांततेची तुला आता जरा काळजी वाटू दे.

तुझा बारगीर,
मोरेश्वर


ट्रॉय
२९ जून

शंतनू,

उत्तर आलं नाही. पण हिमानी रत्नाला म्हणाली, की तू पत्र दोनदा वाचलंस आणि मग चिडून गवत कापायला गेलास. म्हणजे पोचलं.

माझं बरं चाललंय. परवा एका मोठ्या कंपनीचे इंजिनीअर नवीन गाडी घेऊन दुकानात आले. वळणावर कुठेतरी कुरकुर येते आणि महिनाभर सापडत नाही म्हणे. मी मागच्या सीटवर डोळे मिटून बसलो, त्यांना पार्किंगमध्ये गोल फिरवायला लावलं आणि सांगितलं, डावीकडच्या दिव्याची क्लिप. क्लिपच निघाली. लोक गाडीत कप होल्डर किती ते बघतात, माझं घर मात्र कुरकुरीवर चालतं.

इतके दिवस घोड्यावरून जे दिसत नव्हतं, ते आता जमिनीवरून दिसतंय. क्रॉसबो हे गरीब हत्यार आहे रे. साध्या धनुष्याला बालपण द्यावं लागतं. क्रॉसबो मात्र शेतकऱ्याच्या हातात दिला, तरी थोड्या दिवसांत तो चिलखतातल्या सरदाराला खाली पाडेल. म्हणून सरदारांना त्याचा एवढा राग. त्याचं दुखणं एकच. एकदा बाण सुटला, की चरखी फिरवून दोरी मागे ओढायची, खिटीत अडकवायची, नवा बाण ठेवायचा. तेवढा वेळ तो माणूस ढालीमागे खाली मान घालून विहिरीचं पाणी ओढल्यासारखा चरखी फिरवत बसलेला. जड चिलखताचे घोडे तोवर पोचत नाहीत. हलके पोचतात. हलक्या घोडदळाचं खरं हत्यार भाला नाहीच, समोरच्याचा रिकामा वेळ हे त्याचं हत्यार. आणि दुसरं म्हणजे पळता येणं. यायचं, चिडवायचं, बाण फुकट घालवायला लावायचे, वळायचं, पुन्हा यायचं. क्लबमधल्या लोकांना सुरुवातीला ते भित्रेपणाचं वाटायचं. तू आणि मी त्यांना पटवलं, की वळणं हीच कला आहे. आठवतं?

तो वेळ कुणाच्या कानांनी पकडला, तेही आठवत असेल. त्यांच्या चरख्या सुरू झाल्या की मी नुसतं 'हं' म्हणायचो. तू टाच मारायचास, मागून सगळे. आपण कधी उशिरा पोचलो नाही. गेल्या वर्षी तू माझ्याशिवाय जिंकलास, ठीक आहे. डार्लीनची माणसं तेव्हा फार उतावळी होती.

यंदा तुझं काम मी सोपं करतोय. क्लबने सगळ्यांना नव्या चरख्या दिल्यात, गुळगुळीत, घुर्र करून फिरणाऱ्या. मला त्या आवडत नाहीत. मी माझ्या क्रॉसबोवर ती जुनी दातेरी चरखी बसवली आहे. तुझ्या तबेल्यात बसून मी बनवली होती ती. तू तिला कटकटी म्हणायचास. मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाते. डार्लीन म्हणते, "मोरी, एवढा आवाज केलास तर त्यांना कळेल आपण कधी भरतोय." मी म्हटलं, कळू दे. जुन्या मित्राची एवढी सोय करायला नको का?

तुझा बारगीर,
मोरेश्वर


ट्रॉय
१० ऑगस्ट

शंतनू,

तुझं कार्ड मिळालं. चिक्कीचा फोटो छान आहे. मागे एकच ओळ लिहिलीस: "ये. मी चिक्कीवरच असेन. तुझी कटकट ऐकू आली की मला कुणाच्या 'हं'ची गरज नाही."

वाचून मला फार बरं वाटलं. रत्नाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एका घोडीसाठी इतका पत्रव्यवहार? लग्नाआधी मला तू एक पोस्टकार्ड पाठवलं होतंस, त्यातही बसचं टाइमटेबल होतं." मग भाजी चिरताचिरता विचारलं, "एवढा राग धरून तुला झोप कशी लागते रे?" मी खरं तेच सांगितलं, की उत्तम लागते. राग नीट घडी घालून उशाशी ठेवला की मान दुखत नाही.

पण तुझ्या फोटोत चिक्की वाळल्यासारखी दिसते. फासळ्या दिसतात असं नाही. तोंड उतरलंय. हिमानी म्हणाली, की घोड्याच्या डॉक्टरने सांगितल्यापासून तू तिचा गूळ पूर्ण बंद केलास आणि आता फक्त गाजरं देतोस. डॉक्टरचं बरोबर असेल. गोड वाढलं तर खुरांना त्रास होतो. तरी महिन्यातून एखादा खडा द्यायला हरकत नव्हती. असो, घोडा सरकारचा.

सराव जोरात चाललाय. डार्लीनच्या रांगेत आता एक डेंटिस्ट आहे, दोन कॉलेजातल्या मुली आहेत, आणि एक पाद्री आहे जो नेम चुकला की फार सौम्य शिवी देतो. मी त्यांना धीर धरायला शिकवतोय. आधी घोडे दिसले की यांची बोटं शिवशिवायची. आता मी डोळे बांधून बसवतो आणि नुसत्या टापा ऐकवतो. कुठल्या टापा खोट्या, नुसत्या चिडवायला आलेल्या, आणि कुठल्या खऱ्या. फरक असतो. खोट्या हल्ल्यातला घोडा अर्धा मागेच राहिलेला असतो, त्याचे मागचे पाय आधीच वळायच्या तयारीत असतात. खऱ्या हल्ल्यात तसं नसतं. सगळं सांगत नाही. तू शत्रू आहेस.

एक विचारायचं राहिलं. चिक्की चरखीच्या आवाजाला घाबरत नाही, असं तू लोकांना फार अभिमानाने सांगतोस म्हणे. "माझ्या घोडीची ट्रेनिंग बघा." ऐकून मला आनंद झाला. लहानपणी कशी बिचकायची, भिंतीला अंग लावून थरथरायची. तिची भीती कशी गेली, यावर तू कधी विचार केलास का? करू नकोस. उगाच विचारलं.

तुझा बारगीर,
मोरेश्वर


ट्रॉय
११ सप्टेंबर

शंतनू,

हे पत्र रत्ना मंडळाच्या मीटिंगला जाताना हिमानीच्या हातात देईल, म्हणजे लढाईच्या आधी तुला मिळेल.

नियमावरून मैदानात वाद नको, म्हणून डार्लीनने लिहायला सांगितलंय. ढालींच्या पुढे चुन्याची रेघ असेल. आमचा एकही क्रॉसबो भरून व्हायच्या आत तुझे घोडे रेघेपर्यंत पोचले, तर आम्ही हरलो. तुम्ही पोचताना आमचे क्रॉसबो भरून रोखलेले असले, तर समोर असेल तो स्वार मेला. वळून निसटला तर वाचला. जनावरावर कुणीही नेम धरायचा नाही. रेघ ओलांडून जो आत आला तो कैदी. कप्तान कैद झाला की लढाई संपली. हे सगळं तूच कधीतरी बसून लिहिलं होतंस.

आता एक माझं, नियमाबाहेरचं. तिच्या तोंडात तो लोखंडी कडक लगाम घालू नकोस. गेल्या वर्षी तू घातला होतास, लांबून मला दिसलं. तिचं तोंड मऊ आहे. रबराचा साधा लगाम घाल. माझ्यावर कितीही राग असला तरी एवढं ऐक. यात तुझा तोटा आहे की फायदा, याचा विचार करू नकोस. तिचा विचार कर.

शनिवारी भेटू.

मोरेश्वर


ट्रॉय
१५ सप्टेंबर

शंतनू,

तू तिथे होतास, तरी तुला लिहितोय. तू ती लढाई चिक्कीच्या दोन कानांमधून पाहिलीस. समोरून कशी दिसली ते मी सांगतो.

सकाळ तुझी होती. मानलं. तुम्ही तीनतीनच्या टोळ्यांनी आलात, फोमचे भाले फेकलेत, वळलात, पुन्हा आलात. पाद्रीबोवांनी दोन बाण फुकट घालवले. कॉलेजच्या मुली चिडल्या. डार्लीन मात्र बसचा आरसा बघावा तशी शांत. जेवणानंतर तिने ढाली रोवल्या आणि आम्ही पुढच्या रांगेतल्या सगळ्यांनी एकदम बाण सोडले. सगळे आखूड पडले. आखूडच पडायचे होते. तू लांबून ते पाहिलंस, आणि मग मी माझी चरखी फिरवायला घेतली.

पुढच्या रांगेत सगळे माना खाली घालून चरख्या फिरवत होते. तू पाहिलंस ते बरोबर पाहिलंस. फक्त त्या चरख्यांना दोऱ्या लावलेल्या नव्हत्या. भरलेले क्रॉसबो ढालींमागे, दुसऱ्या रांगेच्या मांडीवर होते. सकाळपासून त्या लोकांनी एकही बाण सोडला नव्हता, आणि तुझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

तू हात वर केलास. पण तुझा हात वर जायच्या आधी चिक्कीचे कान वर गेले होते. हे मी पाहिलं. टाच मारायची तुला गरजच पडली नाही. बाकीच्या टापांमधून तिच्या टापा वेगळ्या झाल्या, पुढे आल्या. काय सुंदर आवाज होता तो, शंतनू. खरा हल्ला. तिचा एक केसही मागे राहिलेला नव्हता. लोक टाळ्या वाजवायला लागले. मागचे तुझे स्वार पसरत आले, तू पुढे, एकटा, झेंड्यासारखा.

मग डार्लीनने आवाज दिला आणि दुसरी रांग उभी राहिली.

तुझी तारीफ करतो. तुला क्षणात कळलं. तू शीळ घातलीस, आणि आपण दोघांनी शिकवलं होतं तसे सगळे घोडे भिंगरीसारखे फिरले. इतकं सफाईदार वळण मी आजवर पाहिलं नाही. सगळे फिरले. चिक्की फिरली नाही. तू उजवा लगाम ओढलास, तिने मान तुझ्या शब्दाखातर उजवीकडे वळवली आणि पाय मात्र सरळच टाकत राहिली. चुन्याची रेघ ओलांडली. मग दुडक्या चालीवर आली, मग चालत. माझ्या ढालीवरून मान आत घातली आणि माझ्या डगल्याच्या खिशात नाक खुपसलं.

मी चरखी आणखी एक फेरा फिरवली. रीत पाळायला हवी. मग गुळाचा खडा काढून तिच्यापुढे धरला.

आता सांगतो. ती लहान असताना चरखीला बिचकायची. हलक्या घोडदळाचा घोडा चरखीला बिचकला तर काय उपयोग? म्हणून रोज सकाळी मी तबेल्यात तिच्यासमोर बसून चरखी फिरवायचो आणि फेरा संपला की गूळ द्यायचो. आधी लांबून, मग जवळून. तू तेव्हा वरच्या खोलीत बंगलोरच्या टीमबरोबर कॉलवर असायचास, आणि खिडकीतून ओरडायचास, "मोऱ्या, कटकट बंद कर, म्यूट तरी किती वेळा करू." तू म्यूट करत राहिलास. ती ऐकत राहिली. मी तिच्यावर बसायचो तेव्हा गूळ माझ्याच हातात असायचा, म्हणून ती वळायची. शनिवारचं तिचं ते रेघेकडे झेपावणं लोकांना शौर्य वाटलं. ती जेवायला निघाली होती.

सगळ्यांचे क्रॉसबो तुझ्यावर रोखलेले, तू वर बसलेला, हातात रबराच्या टोकाचा भाला, आणि खाली घोडी मचमच गूळ चावतेय. डार्लीन म्हणाली, "मोरी, हा शरण आलाय की लंचला?"

मग तू वाकलास आणि बाकीच्यांना कळू नये म्हणून मराठीत, हळू बोललास. "मोरेश्वर, फिरव ना हिला. प्लीज."

आणि मी हळू बोललो नाही. "मी कोण फिरवणार? मी बारगीर. घोडा सरकारचा."

त्या वाक्याची मी किती दिवस वाट पाहिली होती, ते रत्नाला विचार. आंघोळ करतानाही म्हणून पाहायचो.

बक्षीस मागायची वेळ आली तेव्हा मला तोंड उघडावं लागलं नाही. तू स्वतःच उतरलास. खोगीर तुझं होतं, ते सोडवून घेतलंस, खांद्यावर टाकलंस आणि मैदान ओलांडून तुझ्या तळाकडे चालत गेलास. घोडदळाचा कप्तान, पायी. रिकीब तुझ्या कंबरेवर आपटत होती, टिंग, टिंग. ती ऐकू येईनाशी होईपर्यंत मी ऐकत उभा होतो.

मला आनंद झाला. फार झाला. सूड घेतल्यावर पोकळ वाटतं म्हणणारे लोक असतात. त्यांनी तो नीट घेतलेला नसतो.

काल तू कागद सही करून पाठवलेस. एक शब्दही न लिहिता. कागदाचं काय यार.

मोरेश्वर


ट्रॉय
१९ ऑक्टोबर

शंतनू,

तुझ्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. बदलून घे.

मला कसं कळलं, तर आज सकाळी मी तबेल्यातल्या सामानाच्या खोलीत खोगीराला तेल लावत होतो. हा तबेला ट्रॉयच्या उत्तरेला आहे, भाड्याचा, तुझ्याइतका मोठा नाही. आम्ही रविवारी दुपारी येतो हे रत्नाने हिमानीला सांगितलं असणार, म्हणून तू सकाळ गाठलीस. गाडी फाटकापासून लांब थांबवलीस. बेअरिंग त्याआधीच बोललं होतं.

मी बाहेर आलो नाही. खिडकीच्या फटीतून दिसत होतं. मेपलची पानं सगळीकडे पडलेली. तू कुंपणाशी आलास, इकडेतिकडे पाहिलंस आणि कोटातून चरखी काढलीस. नवी कोरी, दातेरी, कुठूनतरी शोधून मागवलेली. मी माझ्या पत्रात सांगून बसलो होतो ना, गूळ आणि चरखी. दुसऱ्या हातात कागदात गूळ होता. इंडियन स्टोअरमधला, मऊ, काळसर. चांगला गूळ.

तू चरखी फिरवलीस. चिक्की कुरणाच्या त्या टोकाला होती. कान हलला, बस. पुन्हा गवतात तोंड. तू पुन्हा फिरवलीस. नाव घेऊन हाक मारलीस. मग थांबत थांबत फिरवत राहिलास, सकाळी देवळात कुणी नसताना घंटा वाजवावी तसा. ती आली नाही. पाठ फिरवून पाण्याकडे गेली. तू गूळ कुंपणाच्या खांबावर ठेवलास. गाडीत बसलास आणि बराच वेळ इंजिन चालू केलं नाहीस.

मी तेव्हाच बाहेर येऊन सांगू शकलो असतो. आलो नाही. ऐकायचं होतं मला. शेवटपर्यंत ऐकलं.

आता सांगतो, कारण मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली होती. माझ्या चरखीचा एक दात कानसीने घासलेला आहे. तिचा आवाज कट-कट-कट नाही. कट-कट-टक असा आहे, मध्ये एक पाय लचकल्यासारखा. तिला गूळ त्या लचकण्यावर मिळायचा. तुझ्या चरखीचे सगळे दात सारखे आहेत. त्या आवाजाला ती जन्मात येणार नाही. इतकी वर्षं तो आवाज तुझ्या खोलीखाली रोज चालला होता, आणि तुला त्यात कटकट सोडून काही ऐकू आलं नाही.

चरखी तुला मिळणार नाही. ती माझ्याकडे राहील.

पण लढाईच्या त्या शनिवारी मैदानात मी आणखी एक पाहिलं होतं, ते तेव्हा लिहिलं नाही. तिच्या तोंडात रबराचा लगाम होता. कडक लगाम असता तर तू तिला रेघेच्या अलीकडे थांबवू शकला असतास. तिचं तोंड फाटलं असतं, पण थांबली असती, आणि तू जिंकला असतास. मी सांगितलेलं तू ऐकलंस. पूर्ण लढाई तू त्या एका गोष्टीवर हरलास. रत्नाला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग आता पुरे कर." मी म्हटलं, पुरे करतो, पण माझ्या पद्धतीने.

तेव्हा रविवारी ये. दुपारी ये, उघड, फाटकातून. रत्ना भरली वांगी करणार आहे. खोगीर घेऊन ये. पुढच्या सप्टेंबरला आपण दोघं हलक्या घोडदळात परत जातोय, डार्लीनशी मी बोललोय, ती म्हणते ती आपल्याला चिरडून टाकेल. मी दुसरा घोडा बघतोय, माझं वजन आता चिक्कीला झेपणार नाही. तिच्यावर तू बसशील. मी 'हं' म्हटलं की टाच मारायची, त्याआधी नाही. गुळाचा खडा मी तुझ्या हातात देईन, मोजून.

घोडी माझी, दाणावैरण माझी, स्वारी तुझी. क्लबात कुणी विचारलं की याला काय म्हणतात, तर तो शब्द तूच त्यांना समजावून सांग. इंग्रजीत तुला छान जमतो.

मोरेश्वर, शिलेदार